बेसबॉल क्लबातले सगळे कोच एका सुरात कसे आणायचे (मी चुकत चुकत शिकले ते)

आधी एक चित्र डोळ्यासमोर आणा. डोमिनिकन रिपब्लिकचा एकोणीस वर्षांचा पोरगा, पिचर (म्हणजे बॉल टाकणारा), इंग्रजी जेमतेम. क्लबच्या तिथल्या अकॅडमीत कोचने सांगितलं पाय अजून वर उचल. ॲरिझोनात आला तर दुसरा म्हणाला एवढा कशाला उचलतोस, तोल जातो. तिथून सिंगल-ए च्या टीममध्ये (क्लबचीच एक खालची टीम) गेला तर तिसरा म्हणतो पायाचं सोड रे, तुझं कोपर खाली पडतंय. मग महिन्यातून एकदा विमानाने येणारा कोऑर्डिनेटर उगवतो, तो म्हणतो कोपराला हात लावू नका, स्लायडरची (वळणाऱ्या बॉलची) ग्रिप बदला. आणि ट्रेनर (तिकडचा ट्रेनर म्हणजे आपल्याकडच्या टीम फिजिओसारखा, जिमवाला नव्हे) म्हणतो याचा खांदा आखडलाय, आठवडाभर काहीच बदलू नका. पाचही जण आपापल्या जागी बरोबर असतीलही, पण पोराचं काय झालं? बाराभाईचा कारभार.

आपल्याकडे एखाद्या शिष्याने सकाळी किराणा घराण्याच्या गुरूकडे, दुपारी जयपूर घराण्याच्या आणि संध्याकाळी आग्रा घराण्याच्या गुरूकडे शिकायला जायचं ठरवलं तर गळ्याचं काय होईल, तेच इथे खांद्याचं होतं.

मी मूळची नाशिकची, फिजिओथेरपी केली, मग अमेरिकेत बायोमेकॅनिक्स, आणि नशिबाने एका क्लबच्या मायनर लीगच्या (पोरं तयार करायच्या खालच्या टीमच्या) कामात शिरले. आता आपली बरीच पोरं या लाइनमध्ये येतायत, स्पोर्ट्स सायन्सला, डेटाला, आणि मला मेसेज येतात की ताई, रिसर्च पेपर तर वाचलेत ढीगभर पण कोच ऐकतच नाहीत, काय करायचं. म्हणून एकदाचं लिहून टाकते. क्रिकेट अकॅडमीवाल्यांनाही यातलं अर्धं तरी उपयोगी पडेल.

कामाचा पसारा आधी समजून घ्या. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ३० क्लब. २०२१ पासून प्रत्येकाच्या हाताखाली चार मायनर लीग टीम, वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए, म्हणजे १२०, आधी साधारण १६० होत्या त्या छाटल्या. त्याच्या खाली फ्लोरिडा नाहीतर ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्सची टीम, आणि त्याहीखाली डोमिनिकनमधली समर लीग. प्रत्येक ठिकाणी मॅनेजर (तिकडे टीमचा मुख्य कोच), पिचिंग कोच, हिटिंग कोच, स्ट्रेंथ कोच, ट्रेनर, वरून फिरते कोऑर्डिनेटर, आणि ऑफिसात डेटावाले. एका पोराच्या अंगाला हात लावणारी माणसं मोजली तर लग्नघर होतं.

हे सगळं एका छापाचं करायची कल्पना काही आत्ताची नाही बरं का. ब्रँच रिकीने सेंट लुईस कार्डिनल्ससाठी फार्म सिस्टिम (खालच्या टीममध्ये आपलीच पोरं तयार करायची पद्धत) उभी केली ती १९२० च्या दशकात. त्याच क्लबात जॉर्ज किसेल नावाचा माणूस १९४० मध्ये आला आणि २००८ मध्ये वारला तोपर्यंत तिथेच होता, पिढ्यान्‌पिढ्या पोरांना एकाच पद्धतीने शिकवत. बाल्टिमोर ओरिओल्सचंही तसंच, अर्ल वीव्हर आणि कॅल रिपकिन सीनियर या कोचच्या काळात खालच्या टीमपासून वरपर्यंत एकच शिकवण, तिला लोक ‘ओरिओल वे’ म्हणायचे, आणि १९६६, १९७०, १९८३ अशा तीन वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) त्यांनी जिंकल्या. पण नीट बघितलं तर त्यांच्या एकसारखेपणाचा कणा म्हणजे टीमचे डाव होते, आउटफिल्डमधून आलेला थ्रो मध्ये कोणी अडवायचा, बंट (बॅट नुसती टेकवून जवळच पाडलेला बॉल) आला की कोणी कुठे पळायचं. तिथे एकसारखेपणा पाहिजेच, नाहीतर दोघं धडकतील. खांदा आणि कंबर कशी फिरवायची हे मात्र प्रत्येक अंगाचं वेगळं असतं.

म्हणून सुरू करायच्या आधी दोन रकाने काढा. सगळीकडे सारखं असलंच पाहिजे ते एकीकडे: शब्द, मोजण्याची पद्धत, थ्रो मोजणं, आणि कोणता निर्णय कोण घेणार हे. आणि सारखं करायचंच नाही ते दुसरीकडे: हात कुठल्या कोनातून येतो, पाय किती उचलायचा, हिटर कसा उभा राहतो. बहुतेक क्लब नेमकं उलटं करतात. सगळ्यांचे हात एका कोनात आणायला बघतात आणि खांद्याची हालचाल मात्र प्रत्येक टीममध्ये वेगळ्या टेबलावर वेगळ्या पद्धतीने मोजली जाते.

शब्दांपासून सुरुवात करा, मशीनपासून नाही

मी स्वतः इथेच आपटले. पहिल्या वर्षी मी ४६ पानांची पीडीएफ बनवली, ग्राफ, रंग, सगळं, आणि सगळ्या टीमना पाठवली. दोन महिन्यांनी एका क्लबहाऊसमध्ये गेले तर तिचं प्रिंटआउट कॉफीच्या मशीनखाली, मशीन डुगडुगू नये म्हणून. राग आला, पण खरं सांगू, त्या ४६ पानांचा तोच सगळ्यात चांगला उपयोग होता.

त्यापेक्षा हे करा. स्प्रिंग ट्रेनिंगला (सीझनआधीच्या शिबिराला) सगळे कोच एका जागी असतात, वर्षात तेवढाच चान्स. दहा व्हिडिओ क्लिप निवडा, पाच पिचर पाच हिटर, शक्यतो आपल्या क्लबबाहेरचे, म्हणजे कोणाला आपल्या पोराची बाजू घ्यावीशी वाटणार नाही. प्रत्येक कोचला कागद द्या, नाव लिहायचं नाही, फक्त दोनच गोष्टी लिहायच्या: याच्यात मुख्य अडचण काय दिसते, आणि तुम्ही याला नेमक्या कोणत्या शब्दांत सांगाल. बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही, दहावीच्या परीक्षेसारखं. मग सगळे कागद भिंतीवर लावा आणि चहा-कॉफी देऊन लोकांना फिरू द्या. तुम्हाला एक शब्द बोलायची गरज पडत नाही. एकाच पिचरला चौघं म्हणतायत घाई करतो आणि तिघं म्हणतायत फार रेंगाळतो, हे भिंतीवर शेजारी शेजारी दिसतं तेव्हा लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात, आणि ती शांतता फार मोलाची असते, तिच्यात घुसून लेक्चर देऊ नका.

दुसऱ्या दिवशी शब्दकोश. ‘स्टे बॅक’, ‘स्टे ऑन टॉप’, ‘फिनिश युवर पिच’, ‘गेट आउट फ्रंट’, असले वीस-पंचवीस शब्द निघतात जे सगळे रोज वापरतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा अर्थ असतो. ‘स्टे बॅक’ म्हणजे वजन मागच्या पायावर ठेव, की डोकं मागे ठेव, की फक्त थोडा उशिरा निघ? प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहा: डोळ्यांना काय दिसलं पाहिजे, मोजायचं झालं तर काय मोजायचं, आणि स्पॅनिशमध्ये पोराला काय सांगायचं. ते स्पॅनिश डिक्शनरीतून आणू नका, डोमिनिकन आणि व्हेनेझुएलन कोचना विचारा, कारण शब्दाला शब्द ठेवला की पोराला भलतंच कळतं. मेजर लीगच्या प्रत्येक टीमकडे स्पॅनिश दुभाषे असलेच पाहिजेत हा नियम २०१६ मध्ये आला, त्यावरून बघा हे किती उशिरा सुचलंय. ज्या शब्दाचा अर्थ अर्ध्या तासात ठरत नाही तो शब्द सरळ बाद.

अजून एक भानगड म्हणजे खेळाडूला जाणवतं एक आणि होतं दुसरंच. भले भले हिटर सांगतात की मी बॅट वरून खाली आणतो, आणि हाय स्पीड कॅमेऱ्यात बघा तर बॉल लागताना बॅट वर चाललेली असते. तो खोटं बोलत नाही, त्याला तसंच जाणवतं. म्हणून शब्दकोशात ‘जाणवणं’ आणि ‘होणं’ हे दोन वेगळे कप्पे ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात कारण एक कोच जाणवण्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा होण्याबद्दल.

रिसर्चची चाळण

आता पेपर. इथे पोरं दोन चुका करतात, एक तर सगळं वेदवाक्य म्हणून घेऊन जातात, नाहीतर कोचने एक प्रश्न विचारला की गळपटतात. तीन ढीग करा: यावर आता फारसं भांडण नाही, बरंचसं पटण्यासारखं आहे, आणि अजून मारामारी चालू आहे. आणि कोणता पेपर कोणत्या ढिगात हे एकट्याने ठरवू नका, कोचना बरोबर घ्या.

पहिल्या ढिगातलं उदाहरण. पुढचा पाय जमिनीला लागल्यापासून बॉल सुटेपर्यंत साधारण ०.१५ सेकंद जातात. तेवढ्यात कंबर फिरते, मग धड, मग खांदा, आणि खांदा आतल्या बाजूला फिरण्याचा वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या घरात जातो, माणसाच्या शरीराच्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी एक. बर्मिंगहॅम, अलाबामाच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये ग्लेन फ्लाइसिगने १९९५ मध्ये मोजलं तेव्हा कोपरावरचा पीळ ६४ न्यूटन मीटरच्या आसपास निघाला, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूचं ते लिगामेंट जवळपास प्रत्येक जोरदार थ्रोला आपल्या मर्यादेपाशी जाऊन येतं, आजूबाजूचे स्नायू सांभाळून घेतात म्हणून निभतं. हेच ते लिगामेंट ज्याचं ऑपरेशन डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलं आणि पुढे ऑपरेशनलाच त्या पिचरचं नाव पडलं. हे कोचला सांगितलं की दोन गोष्टी आपोआप गळी उतरतात. एक, दमलेल्या हाताने फेकू नये. दोन, ०.१५ सेकंदात ‘कोपर वर ठेव’ असा विचार करणं कोणालाच शक्य नाही.

तिथून सरळ लक्ष कुठे ठेवायचं या विषयावर येता येतं. गॅब्रिएले वुल्फ या संशोधिकेने १९९० च्या दशकापासून दाखवलंय की शिकताना लक्ष आपल्या हातापायांवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर बहुतेक वेळा जास्त चांगलं जमतं. बेसबॉलच्या बॅटिंगवर कास्तान्येदा आणि रॉब ग्रे यांनी २००७ मध्ये तपासलं, तर तयार हिटरना सगळ्यात चांगलं तेव्हा जमलं जेव्हा लक्ष मारलेला बॉल कुठे चाललाय तिकडे होतं, आणि हातांकडे लक्ष दिलं की घसरलं. नवख्यांचं तसं नव्हतं, हेही सांगा, अर्धंच सांगू नका. कोचच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की ‘कोपर वर’ ऐवजी ‘कॅचरच्या डाव्या गुडघ्यातून आरपार फेक’ (कॅचर म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा).

आचरेकर सर शिवाजी पार्कवर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, बोलरने आउट केलं तर त्याचं, नाही तर सचिनचं. कोणी त्यांना बाह्य लक्ष (हातापायांऐवजी परिणामावर लक्ष) वगैरे शिकवलं नव्हतं. ही गोष्ट मी अमेरिकन कोचना सांगते तेव्हा ते माझ्या सगळ्या ग्राफपेक्षा जास्त ऐकतात, कारण ती एका कोचची गोष्ट आहे.

दुसऱ्या ढिगातलं माझं आवडतं म्हणजे १९९४ चा हॉल, डोमिंगेस आणि कावाझोस यांचा प्रयोग. ज्युनियर कॉलेजचे ३० खेळाडू, सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा जादा बॅटिंग. एका गटाला १५ फास्टबॉल (वेगवान), मग १५ कर्व्हबॉल (वळणारे), मग १५ चेंजअप (फसवे हळू) असे ओळीने. दुसऱ्याला तेच ४५ बॉल पण उलटसुलट, पुढे काय येईल पत्ता नाही. तिसऱ्याला जादा काहीच नाही. शेवटी उलटसुलटवाले जवळपास ५७ टक्के सुधारले, ओळीवाले २५, आणि काहीच न केलेले ६. हे ऐकलं की हिटिंग कोच दोन प्रकारे वागतात. एक गट उद्यापासून सगळंच उलटसुलट करतो, आणि आठ दिवसांत हिटर वैतागतात, कारण अशा सरावात त्या वेळी वाईटच दिसतं, फायदा नंतर दिसतो. दुसरा गट म्हणतो तीस पोरांवरून काय ठरतंय. दोघांचंही थोडं बरोबर आहे. आमचं ठरलं ते असं: मॅचच्या आधी आत्मविश्वासासाठी ओळीने, आणि शिकण्याच्या दिवशी मिसळून, आणि कोणता दिवस कोणता हे बोर्डवर लिहायचं म्हणजे खेळाडूला कळतं आज घाम का निघतोय.

तिसरा ढीग म्हणजे जड बॉल, नेहमीपेक्षा जड बॉल फेकून सराव. सिॲटलजवळच्या ड्राइव्हलाइन या ट्रेनिंग सेंटरमुळे हे सगळीकडे पसरलं, तिथला काइल बॉडी २०१९ मध्ये सिनसिनाटी रेड्सने घेतला सुद्धा. वेग वाढतो हे दिसतं. पण २०१८ मध्ये रायनोल्ड आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या ३८ पिचरवर सहा आठवड्यांचा प्रोग्रॅम तपासला तर जड बॉलवाल्या गटाचा वेग ३.३ टक्के वाढला आणि त्याच गटातल्या २४ टक्के पोरांना दुखापती झाल्या. आता तुमचा ट्रिपल-ए चा पिचर तेरा वर्षांचा नाही, आणि त्याला रोज बघणारी माणसं आहेत, म्हणून हा पेपर दाखवून जड बॉल बंद करा म्हणणंही चूक आणि तो पेपर दडवून ठेवणंही चूक. अशा ढिगातल्या गोष्टींवर क्लबने एकच धोरण ठरवायचं (कोणाला, कोणत्या महिन्यात, कोणाच्या परवानगीने) आणि ते पुढच्या हिवाळ्यात परत तपासायचं. वेगाचं वेड किती वाढलंय ते मेजर लीगच्याच डिसेंबर २०२४ च्या रिपोर्टमध्ये आहे: सरासरी फोर-सीम फास्टबॉल (सरळ वेगवान बॉल) २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता तो २०२४ मध्ये ९४.२ झाला, आणि पिचर दुखापतीच्या यादीत जाण्याचे प्रसंग २००५ मधल्या २१२ वरून ४८५ वर गेले.

प्रत्येक विषयाला एकच पान. वर प्रश्न, खाली कोणावर तपासलं, मग सोमवारपासून आपण काय वेगळं करणार, आणि परत कधी बघणार. पान उलटावं लागलं तर फाडून परत लिहा.

मोजायचं तर सगळीकडे सारखं मोजा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच सगळं फसतं, म्हणून थोडं थांबते. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट (बॉल आणि खेळाडूंची हालचाल मोजणारी यंत्रणा) आहे, २०२० पासून हॉक-आय, बारा कॅमेरे वगैरे. खालच्या टीमकडे रॅप्सोडो, ट्रॅकमॅन ही बॉल मोजायची यंत्रं, एजरट्रॉनिक हाय स्पीड कॅमेरा, बॅटला लावायचा ब्लास्टचा सेन्सर. आकड्यांचा पाऊस. पण दोन टीमनी कॅमेरा वेगवेगळ्या जागी लावला असेल तर एकाच पोराचा हात दोन गावांत दोन कोनात दिसतो, आणि मग कोऑर्डिनेटर म्हणतो अरे याचा हात पडला, आणि पोराच्या मागे सगळे लागतात, आणि हात जिथे होता तिथेच असतो.

आमच्याकडे खांद्याच्या बाबतीत झालं. खालच्या टीममधल्या ट्रेनरने मोजलेली हालचाल आणि वरच्या टीमच्या ट्रेनरने मोजलेली यात चांगला डझनभर अंशांचा फरक, आम्ही घाबरून त्या पिचरला थांबवला, आणि नंतर कळलं की एकजण खांद्याचं हाड हाताने दाबून धरतो आणि दुसरा धरत नाही. बस एवढंच. एक आठवडा त्या पोराचा गेला, आणि त्याने घरी फोन करून सांगितलं होतं की माझा खांदा गेला.

म्हणून सगळ्या ट्रेनरना एका खोलीत आणा, तेच दहा खांदे सगळ्यांना मोजायला लावा, दुसऱ्या दिवशी परत तेच दहा. किती फरक पडतो ते कळेल. त्या फरकापेक्षा कमी बदल दिसला तर त्यावर मीटिंगमध्ये बोलायचं नाही, असा नियमच करा. मोजायची वेळ ठरवा, फेकायच्या आधी की नंतर, कारण फेकल्यावर खांदा बदललेला असतो. कॅमेऱ्याची जागा जमिनीवर रंगाने खूण करून ठेवा, टेप लावली तर ग्राउंड्समन उचकटतो.

आणि थ्रो मोजताना फक्त मॅचमधले पिच मोजू नका. हायस्कूलच्या पिचरवरचा २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यात मॅचच्या दिवशी टाकलेल्या पिचपैकी ४२ टक्के कुठेच मोजले जात नव्हते, वॉर्मअपचे आणि बुलपेनचे (पिचर वॉर्मअप करतात ती बाजूची जागा). प्रोफेशनलमध्ये प्रमाण वेगळं असेल, पण बुलपेनमध्ये उठबस करणाऱ्या रिलीव्हरला (मॅचमध्ये नंतर येणाऱ्या बदली पिचरला) विचारा, तीनदा वॉर्मअप करून एकदाही मैदानात न गेलेला माणूस कागदावर ‘विश्रांती’ असतो. क्रिकेटवाल्यांनी नेटमधले बॉल मोजायला सुरुवात केली ती याच कारणाने.

अंगावर लावायच्या यंत्रांबद्दल एक इशारा. मेजर लीगच्या करारात ती घालणं खेळाडूच्या मर्जीवर आहे आणि आकडे गुप्त ठेवायचे असतात. मायनर लीगची पोरंही २०२२ मध्ये युनियनमध्ये आली, २०२३ मध्ये त्यांचा पहिला करार झाला. त्यामुळे आधी खेळाडूला सांगा हा आकडा कोण बघणार, कशासाठी, आणि कोण बघणार नाही. पोराला एकदा वाटलं की माझ्या झोपेचा आकडा माझ्या विरोधात वापरतायत, की तो ते घड्याळ लॉकरमध्ये ठेवून झोपेल.

एका खेळाडूचा एक कागद

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि दिसायला सगळ्यात साधं. प्रत्येक खेळाडूचं एक पान, त्यावर या दोन महिन्यांचं एकच मोठं काम. समजा ‘स्लायडर स्ट्राइकमध्ये (ठरलेल्या चौकटीत) टाकणं’. ते काम कोणत्या शब्दांत सांगायचं ते शब्दकोशातून. मोजायचं कसं. आणि त्या कामाचा मालक एकच कोच, नावासकट. बाकीच्यांना काही वेगळं दिसलं तर त्यांनी खेळाडूला नाही, त्या मालकाला फोन करायचा. फिरता कोऑर्डिनेटर सुद्धा. कोऑर्डिनेटर लोकांना हे झोंबतं, कारण दोन दिवसांसाठी येऊन काहीतरी बदलून गेलं की काम केल्यासारखं वाटतं, पण इथे वरिष्ठांनी ठाम राहायला लागतं, तुम्ही सायन्सवाले एकटे ते करू शकत नाही, म्हणून आधी फार्म डायरेक्टरला (मायनर लीगचा सगळा कारभार बघणाऱ्याला) गाठा.

पान खेळाडूसमोर लिहा, आणि शेवटची ओळ त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायची, स्पॅनिशमध्ये तर स्पॅनिशमध्ये. टीम बदलली की पान बरोबर जातं आणि जुना कोच नव्याला दहा मिनिटं फोन करतो. मेल नाही, फोन. पहिले दोन आठवडे नव्या कोचने नवीन काहीही सांगायचं नाही, फक्त बघायचं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, ते इथे तोंड बंद ठेवून घालवायचे.

प्रत्येक बॉलनंतर आयपॅड दाखवायची खोड पण मोडा. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं की सतत फीडबॅक दिला तर माणूस त्याच्यावर टेकतो आणि काढून घेतला की ढेपाळतो, आणि मॅचमध्ये माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) आयपॅड नसतो. पाच-सहा पिच टाकू द्या, आधी त्याला विचारा कसा गेला, मग आकडा दाखवा. त्याचा अंदाज आणि आकडा जवळ यायला लागले की समजा शिकतोय.

मीटिंग, आणि जुने कोच

आठवड्यातून एक कॉल, अर्धा तास, त्याच्या वर नाही. सगळ्यात खालच्या टीमचा कोच आधी बोलणार, डेटावाले सगळ्यात शेवटी. उलटं केलं की आकडा ऐकून बाकीचे आपलं मत गिळतात. मतभेद झाला आणि रिसर्चमध्ये उत्तर नाही, तर चार आठवडे एक पद्धत करून बघायची, आधी लिहून ठेवायचं की काय दिसलं तर चालू ठेवू आणि काय दिसलं तर सोडू. आधी लिहिणं महत्त्वाचं, नंतर सगळेच म्हणतात मी म्हणत होतोच.

जुन्या कोचबद्दल बोलायचं तर त्यांना अडाणी समजू नका. टॉम हाउस टेक्सस रेंजर्सचा पिचिंग कोच असताना पिचरना फुटबॉल, म्हणजे त्यांचा तो अंडाकृती, फेकायला लावायचा, लोक हसायचे, आणि नोलन रायन चाळिशी ओलांडून त्याच्याबरोबर फुटबॉल फेकत होता. याच हाउसकडे २००८ मध्ये आपली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेकवाली पोरं शिकायला गेली, त्याआधी बेसबॉल कधी न खेळलेली, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. कोणीतरी रिकामी पाटी घेऊन आला आणि एकच कोच एकाच भाषेत बोलला तर काय होतं त्याचं हे उदाहरण मी नेहमी देते.

जुन्या कोचकडे डोळा असतो, तुमच्याकडे नसतो. त्यांच्याबरोबर बसने प्रवास करा, आठ-आठ तासांचा, बॅटिंग प्रॅक्टिसला आउटफिल्डमध्ये उभं राहून बॉल गोळा करा, आणि मॅच चालू असताना त्यांना विचारा हा दमलाय हे तुम्हाला कशावरून कळलं. एका कोचने मला सांगितलं की पिचर दमला की बॉल परत घ्यायला माउंडवरून दोन पावलं कमी पुढे येतो. मी महिनाभर मोजलं. सगळ्यांना लागू पडलं नाही, पण काही जणांना अगदी पडलं, आणि त्या कोचने त्यानंतर माझं प्रत्येक पान वाचलं.

जमलं की नाही हे कसं बघायचं

वेग वाढला का, मॅच जिंकल्या का, याच्यावरून लगेच कळत नाही, त्याला शंभर कारणं. माझी टेस्ट सोपी आहे. सीझनच्या मध्यावर न सांगता एखाद्या टीमला जा, पार्किंगमध्ये पाच खेळाडूंना एकेकट्याला विचारा, सध्या कशावर काम करतोयस. मग त्यांच्या पिचिंग कोचला, स्ट्रेंथ कोचला आणि ट्रेनरला त्याच पाच जणांबद्दल विचारा. उत्तरं जुळली पाहिजेत, बस. पहिल्या वर्षी मी विचारलं तेव्हा एका पिचरने मलाच उलट विचारलं, ‘कोणाच्या मते?’ तो विनोद करत नव्हता.

हिवाळ्यात ती उत्तरं, शब्दकोश आणि एकपानी कागद परत टेबलावर घ्या आणि काटछाट करा. कोणता शब्द कोणीच वापरत नाही तो काढा, कोणता पेपर खोटा पडला किंवा नव्याने बळकट झाला तो ढीग बदला, आणि मोजमापांपैकी ज्याच्यावरून वर्षभरात एकही निर्णय झाला नाही ते बंद करा, कितीही महागाचं मशीन असो. आम्ही गेल्या हिवाळ्यात ‘स्टे बॅक’ अखेर काढून टाकला. आमचा सगळ्यात जुना हिटिंग कोच अजूनही मधून मधून म्हणतोच, पण म्हणून झाल्यावर डगआउटमध्ये मी कुठे बसलेय ते आधी बघतो.